जुनेपणाला काय दिसते आणि काय दिसत नाही

पारंपरिक औषधांवर बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास पुढे येतो. हजारो वर्षे माणसे हे पाले, मुळ्या आणि साली उकळून पीत आली. त्यांत काही अपाय असता तर इतक्या पिढ्यांत तो कुणाच्याच लक्षात आला नसता का? विचारणारा बहुतेक वेळा उत्तरासाठी थांबत नाही, कारण उत्तर प्रश्नातच आहे अशी त्याची खात्री असते. मला मात्र हा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा वाटतो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की काही अपाय नक्की लक्षात आले असते, आणि काही मात्र आणखी दोन हजार वर्षे गेली असती तरी आले नसते. यातला फरक चिनी वैद्यकाच्या गेल्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतो, म्हणून हा लेख मुख्यतः त्या वैद्यकाबद्दल आहे. आपल्याकडचा विषय ओघाने येईलच.

१९९२ साली ब्रसेल्समध्ये पन्नाशीही न गाठलेल्या दोन स्त्रियांची मूत्रपिंडे पाहता पाहता निकामी झाली. दोघींत समान गोष्ट एवढीच होती, की वजन उतरवण्यासाठी त्या एकाच क्लिनिकमध्ये जात होत्या. त्या क्लिनिकचे उपचार अनेक वर्षे चालू होते आणि तोवर काही बिघडले नव्हते. १९९० मध्ये मात्र तिथल्या कॅप्सूलमध्ये दोन चिनी वनस्पतींची भर घालण्यात आली होती. त्यांतली एक ‘फांगजी’. आता फांगजी हे नाव चिनी औषधबाजारात एकाच मुळाचे नाही. एक मूळ स्टेफानिया नावाच्या वेलीचे, आणि दुसरे, ज्याला ‘ग्वांग फांगजी’ म्हणतात, ते अ‍ॅरिस्टोलोकिया या सर्वस्वी वेगळ्या कुळातल्या वेलीचे. वापर मिळताजुळता, म्हणून नावही मिळतेजुळते, आणि व्यापारात एकाच्या जागी दुसरे सहज खपून जाई. ब्रसेल्सला पोचले ते दुसरे. पुढच्या काही वर्षांत अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. त्यांपैकी ३९ जणांनी आपली निकामी मूत्रपिंडे खबरदारी म्हणून काढून घेतली, तेव्हा १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला. हे आकडे २००० साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांतून हेही दिसले की ज्यांच्या पोटात एकूण २०० ग्रॅमांहून अधिक मूळ गेले होते त्यांना धोका अधिक होता.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला पदार्थ म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. शरीरात त्याचे रूपांतर होते आणि तो डीएनएच्या साखळीतल्या अ‍ॅडेनिनला चिकटतो. पेशी विभागताना त्या जागी चूक होते आणि अ‍ॅडेनिनच्या ठिकाणी थायमिन येते. ही खूण इतकी ठळक आहे की औषध बंद करून कित्येक वर्षे लोटली तरी गाठीच्या पेशींत ती वाचता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे आम्ल माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले आहे. तैवानमध्ये आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले, की १९९७ ते २००३ या काळात सुमारे एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी हे आम्ल असलेले औषध लिहून दिले गेले होते. तिथे अशा वनस्पतींवर २००३ मध्ये बंदी आली. आपल्याकडे जिला सापसण किंवा ईश्वरी म्हणतात ती वेल याच कुळातली आहे, आणि हे आम्ल तिच्यातही आहे. सर्पदंशावर तिचे मूळ उगाळून देण्याची चाल जुनी आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. एखाद्या गावातल्या वैद्याने अंगावरची सूज उतरवण्यासाठी हे मूळ दिले. सूज उतरली. रोगी हात जोडून घरी गेला. चार वर्षांनी त्याचे लघवीचे मान बिघडले, तोंडावर पुन्हा सूज आली, अन्नावरची वासना गेली, आणि तो वारला. किंवा वीस वर्षांनी लघवीतून रक्त जाऊ लागले. वैद्य कितीही हुशार आणि कितीही प्रामाणिक असला, तरी या दोन घटनांत गाठ कशी मारणार? उलट दुसऱ्यांदा सूज आली तेव्हा रोग्याला तेच मूळ पुन्हा मिळाले असण्याचीच शक्यता अधिक. ही गाठ मारायला रोग्यांच्या नोंदी लागतात, घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची तुलना लागते, आणि वाट पाहण्याची तयारी लागते. या तीन गोष्टी कोणत्याही प्राचीन वैद्यकाजवळ नव्हत्या. युरोपातल्या वैद्यकाजवळही फार काळ नव्हत्या.

बचनागाची गोष्ट नेमकी उलट आहे. चिनी वैद्यकात त्याच्या एका जातीच्या उपमुळांना ‘फूत्स’ म्हणतात, आणि ते तिथले फार मानाचे औषध आहे. कच्चे पोटात गेले तर ओठांना मुंग्या येतात, जीभ बधिर होते आणि थोड्याच वेळात हृदयाची लय सुटते. एवढे उघड विष असूनही तिथल्या वैद्यांनी ते टाकून दिले नाही. खारवणात भिजवणे, दीर्घ काळ उकळणे, काप करून वाफवणे अशी प्रक्रिया बसवली. आपल्या वैद्यांनीही बचनाग गोमूत्रात वा गाईच्या दुधात शुद्ध करून घेण्याची रीत बसवली. रसायनशास्त्राने फार नंतर सांगितले की उकळण्याने बचनागातल्या अ‍ॅकोनिटिन या विषाचे एस्टर बंध तुटतात आणि जे उरते त्याचे विषारीपण शेकडो पटींनी उतरते. म्हणजे रेणूचे नावही माहीत नसताना दोन्ही देशांतल्या माणसांनी तो ताब्यात आणला. हे कौतुकास्पद आहे, आणि ते शक्य झाले याचे कारण बचनाग लपवाछपवी करीत नाही. चूक झाली तर संध्याकाळच्या आत कळते, आणि कुणाच्या हातून झाली तेही कळते.

माझे म्हणणे एवढेच आहे. परंपरा ही झटपट परिणामांची उत्तम साक्षीदार आहे आणि सावकाश होणाऱ्या अपायांची अगदीच कच्ची. म्हणून औषधाचे जुनेपण हा पुरावा एका बाबतीत घ्यावा आणि दुसऱ्या बाबतीत घेऊ नये. ज्या औषधाने घाम येतो, ताप उतरतो, दमा मोकळा होतो असे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले, तिथे काहीतरी आहे असे धरून शोध घेणे शहाणपणाचे. पण त्याच जुनेपणावरून ते औषध वर्षभर रोज घ्यायला निर्धोक आहे असे ठरवणे ही निव्वळ उडी आहे.

पहिल्या बाबतीतले सर्वांत गाजलेले उदाहरण तू यूयू या चिनी संशोधिकेचे. व्हिएतनामच्या युद्धात सैनिकांना हिवतापाने हैराण केले होते आणि क्लोरोक्विन हे त्यावरचे औषध निकामी ठरत होते. नवे औषध शोधण्यासाठी चीनने २३ मे १९६७ रोजी गुप्त प्रकल्प सुरू केला आणि तारखेवरूनच त्याला ५२३ असे नाव दिले. १९६९ मध्ये तू त्यात आल्या. जुन्या पोथ्या आणि वैद्यांच्या तोंडची माहिती यांतून त्यांनी सुमारे दोन हजार नुस्खे गोळा केले. त्यांत ‘छिंगहाओ’ होती, म्हणजे आर्टेमिसिया कुळातले एक वर्षायू झुडूप. उंदरांवर तिचा अर्क कधी चांगला चाले, कधी मुळीच चालत नसे. तेव्हा चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या तातडीच्या उपचारांच्या पोथीतली एक ओळ त्यांनी पुन्हा वाचली: एक मूठ छिंगहाओ दोन शंग (शंग हे जुने चिनी माप) पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि सगळा प्यावा. इतर औषधांप्रमाणे यात उकळणे नाही. उष्णतेने गुण जात असेल असे वाटून तू यांनी ३५ अंशांच्या आसपास उकळणारे ईथर वापरले आणि आम्लधर्मी भाग वेगळा काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांमधले परजीवी शंभर टक्के नाहीसे केले. पुढच्या वर्षी रोग्यांना देण्याआधी तू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. त्यातून निघालेल्या आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल आहे. परजीवी रक्तातले हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटलेल्या लोहाशी गाठ पडली की हा पूल तुटतो आणि त्यातून निघणारे अस्थिर तुकडे परजीवीलाच संपवतात. २०१५ मध्ये तू यांना नोबेल मिळाले.

ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने अर्धी सांगतात. एका बाजूला ती परंपरेचा विजय वाटते आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेचा. पण गे होंग यांच्या पोथीत हिवतापावर अनेक उपाय दिले आहेत आणि सगळे सारख्याच विश्वासाने दिले आहेत. कोणता खरा आणि कोणता नुसता लिहिलेला हे पोथी सांगत नाही, सांगू शकतही नाही. छिंगहाओ या नावाखालीही एकाहून अधिक झुडपे येत, आणि त्यांपैकी आर्टेमिसिनिन पुरेसे असलेली अ‍ॅनुआ ही जात एकच. तिच्यातही ते पानांत असते, काड्यांत जवळपास नाहीच, आणि वाळलेल्या पानात प्रमाण फार तर शेकड्याला एकाच्या आसपास. पोथी नसती तर हजारो वनस्पतींतून तू यांनी हेच झुडूप पुन्हा हाती घेतले असते असे वाटत नाही. आणि ईथर नसते तर ते झुडूप आजही त्या दोन हजार नुस्ख्यांतला एक नुस्खा असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वनस्पतीतून एक रेणू उपटून काढला की तिचे वनस्पतीपण संपते. तिच्यातले इतर घटक एकमेकांना आवरतात, साथ देतात, आणि तो तोल प्रयोगशाळा मोडते, असे वैद्य म्हणतात. काही बाबतींत हे खरे ठरते. ‘माहुआंग’ हे दमा आणि सर्दीवरचे चिनी औषध. त्यातले एफेड्रिन जपानमध्ये नागाई यांनी १८८५ साली वेगळे केले, १९२४ मध्ये पेकिंगमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात चेन आणि श्मिट यांनी त्याचे शरीरावरचे परिणाम दाखवले, आणि जगभरच्या दम्याच्या रोग्यांना त्याचा उपयोग झाला. पण नंतर अमेरिकेत तेच वजन उतरवण्याच्या आणि ताकद वाढवण्याच्या गोळ्यांत कोंबले गेले, माणसे हृदयविकाराने आणि पक्षाघाताने दगावली, आणि २००४ मध्ये तिथे असे पूरक पदार्थ बंद करावे लागले. चिनी वैद्याने माहुआंग बारीक होण्यासाठी महिनोन्‌महिने कधीच दिले नसते. इथे परंपरेची मर्यादा पाळली असती तर बरे झाले असते.

तरीही ‘घटक एकमेकांना आवरतात’ हे विधान तपासता येणारे आहे, आणि ते तपासले की प्रत्येक वेळी तसेच निघते असे नाही. उत्तर चीनमधल्या हार्बिन शहरातले झांग तिंगदोंग आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात एका ग्रामीण वैद्याच्या कर्करोगावरील औषधाकडे वळले. त्यात सोमल म्हणजे आर्सेनिक होता, पाऱ्याचे एक लवण होते आणि बेडकाचे विष होते. त्यांनी एकेक घटक काढून पाहिला. पाऱ्याचा त्रास मूत्रपिंडांना होत होता आणि बेडकाच्या विषाने रक्तदाब चढत होता. गुण येत होता तो सोमलाने. पुढे उमगले की रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात, अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, जे विकृत प्रथिन पेशींना पक्व होऊ देत नाही आणि मरूही देत नाही, नेमके तेच सोमल मोडून काढतो. हा ल्युकेमिया एके काळी काही आठवड्यांत जीव घेणारा होता. आज सोमल आणि अ जीवनसत्त्वाचे एक रूप यांच्या जोडीने त्याचे बहुतेक रोगी बरे होतात. यात आधुनिक औषधाच्या भक्तांनाही बोचणारी गोष्ट आहे, कारण सोमल म्हटल्यावर त्यांच्यापैकी किती जणांनी ती पुडी उघडून पाहिली असती? आणि ‘संपूर्ण औषधा’च्या भक्तांनाही बोचणारी आहे, कारण त्या संपूर्ण औषधातले दोन घटक रोग्याला निव्वळ अपाय करत होते.

अस्वलाच्या पित्ताबद्दलही असाच आग्रह धरला जातो. त्यातले अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल यकृताच्या काही विकारांत खरेच उपयोगी पडते आणि जगभर गोळीच्या रूपात दिले जाते. ते आता अस्वलाला हात न लावता तयार होते. तरीही पित्तासाठी पिंजऱ्यात अस्वले पाळणारी केंद्रे चालूच आहेत, कारण ‘खऱ्या’ पित्तात आणखी काही असते असे गिऱ्हाइकाला वाटते. ते काय असते, हे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर नको का?

आपल्या भाषेत या सगळ्यासाठी ‘सत्त्व’ असा नेटका शब्द आहे, आणि त्याच्याबाबतही जरा सावध राहावे लागते. बाजारात मिळणारे गुळवेल सत्त्व म्हणजे खोड कुटून, पाण्यात कालवून, खाली बसलेला पांढरा साका. तो मुख्यतः पिष्ट असतो. गुळवेलीची कडू द्रव्ये बहुतांशी वरच्या पाण्याबरोबर निघून जातात. नाव सत्त्व आहे म्हणून सत्त्व आत आहे असे नव्हे.

व्यापाराचा आक्षेप अधिक रास्त आहे. रेणू वेगळा काढला की त्यावर पेटंट येते, गावाने जपलेले ज्ञान कंपनीच्या खिशात जाते आणि गावाला तेच विकत घ्यावे लागते. हळदीने जखम भरण्याचे अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण ती लढाई कशाच्या जोरावर जिंकली गेली? जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढे ठेवून. नोंद असणे हाच तिथे बचाव ठरला. ज्याची नोंद नाही त्याची चोरी सोपी असते. मुंबईत रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचे रक्तदाबावरचे निरीक्षण ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, त्यामुळे ते श्रेय आजही त्यांच्या नावावर आहे, मग तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत का वेगळे होईना.

म्हणून सार्वजनिक प्रश्न आहे तो कायद्याचा. चीनने २०१८ मध्ये प्राचीन ग्रंथांतल्या निवडक नुस्ख्यांना माणसांवरील चाचण्यांतून सूट दिली. मला ही सूट मान्य नाही, पण तिथे विषारीपणाची प्रयोगशाळेतली तपासणी तरी मागितली आहे. आपल्याकडे २०१० पासून लागू असलेल्या नियमानुसार, मान्य ग्रंथांतले औषध त्याच ग्रंथांतल्या कारणासाठी बनवायचे असेल तर सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास लागत नाही. म्हणजे परंपरा ज्या बाबतीत सर्वांत कच्ची साक्षीदार आहे, नेमक्या त्याच बाबतीत आपण तिची साक्ष अंतिम मानली आहे. गुणाबद्दल ग्रंथावर विसंबणे एक वेळ समजू शकते, कारण गुण नाही आला तर रोगी दुसरीकडे जातो. मूत्रपिंडाबद्दल आणि यकृताबद्दल ग्रंथावर विसंबण्याला मात्र काहीच आधार नाही.

करोनाच्या काळात हे मुंबईतच पाहायला मिळाले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत यकृताला इजा झालेले आणि गुळवेल घेतलेले सहा रुग्ण तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला. आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरवला, आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती, हे तपासलेले नाही असे बजावले. मंत्रालयाचा मुद्दा बिनचूक होता. फक्त तो कुणाला उद्देशून होता हे मंत्रालयाच्या ध्यानात आले नसावे. काय विकले गेले हे रोग्यालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही आणि सरकारलाही नाही, असे ते विधान होते. फांगजीच्या पोत्यात काय आहे हे ब्रसेल्सलाही माहीत नव्हते.

मागणी फार मोठी नाही. पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि तिच्या ओळखीच्या घटकाचे प्रमाण असावे. चिनी औषधसंहिता ‘ह्वांगल्यान’ या वनस्पतीच्या मुळात बर्बेरिन हा घटक किमान किती टक्के हवे हे आकड्यात सांगते. एवढ्याने औषध गुणकारी ठरत नाही, पण आत तीच वनस्पती आहे हे तरी ठरते. आणि दीर्घकाळ घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाच्या रोग्यांची नोंद पाच-दहा वर्षे ठेवली जावी. जे काम एकट्या वैद्याला कधीच शक्य नव्हते ते संस्थांना शक्य आहे.

बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही असते. मध्यंतरी पुण्यातल्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून मी तिची काडी आणली, पाण्यात टाकली, आणि दहा मिनिटांत पाणी पिवळे आणि चांगलेच कडू झाले. एवढी तपासणी घरच्या घरी होते. पुडी जुन्या वर्तमानपत्राची होती आणि तिच्यावर पेन्सिलीने वजन तेवढे लिहिले होते. सापसण ठेवता का, असे मी सहज विचारले. दुकानदारांनी मागच्या फळीवरचा डबा दाखवला. ती लोक किती दिवस घेतात, असे विचारल्यावर ते मनापासून म्हणाले, ‘‘आजोबांच्या वेळेपासून विकतोय बघा. आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही.’’